सड्यावर फुलपाखरं आणि चतुर: आधी बसा, मग बघा, कॅमेरा शेवटी

गणपतीला गावी आलेली मंडळी दरवर्षी मला फोटो पाठवतात. खाली एकच ओळ असते : "हे कुठलं?" फोटोत मागचं गवत लख्ख आलेलं असतं आणि पुढे एक पिवळट डाग. नाहीतर चतुराचे पंख सुरेख, पण शेपटीचं टोक चौकटीबाहेर. असा फोटो पाहून नाव सांगणं म्हणजे नुसत्या चपलेवरून माणूस ओळखणं.

यात कॅमेऱ्याचा दोष क्वचितच असतो. लोकांचा क्रम चुकतो. गाडीतून उतरलं की कॅमेरा बाहेर, दिसलं ते फुलपाखरू की त्याच्यामागे धाव, आणि दुपारी बाराला घामाघूम होऊन परत. मी देवगड-राजापूरकडच्या सड्यांवर जो क्रम पाळतो तो इथे देतो. सडा म्हणजे आपलं जांभ्याचं उघडं पठार, पावसाळ्यात चार महिने कुरण आणि उरलेले आठ महिने तापलेला तवा. दुसऱ्या माळरानावरही बहुतेक गोष्टी लागू पडतील, पण कातळाच्या काही खोडी निराळ्या आहेत.

१. कधी जायचं

महिना चुकला तर बाकी सगळं बरोबर करूनही हात रिकामेच राहतात.

जूनच्या पहिल्या सरींबरोबर वाँडरिंग ग्लायडर हा पिवळसर चतुर थव्याथव्याने सड्यावर घिरट्या घालू लागतो. हाच तो हिंद महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जाणारा चतुर. कातळातल्या खळग्यांत साचलेल्या पावसाच्या पाण्यात तो अंडी घालतो, आणि त्याच्या अळ्या दीड-दोन महिन्यांत वाढून बाहेर पडतात, कारण ते पाणी त्याहून फार जास्त टिकणारच नसतं. जूनमध्ये दिवसा त्याचा फोटो घ्यायचा हट्ट धरू नका. तो दिवसा फारसा बसतच नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये मुसळधार पाऊस असतो, पण उघडीप मिळते. दोन सरींच्या मधला अर्धा-पाऊण तास ऊन पडलं की जे जे दडून बसलेलं असतं ते पंख वाळवायला उघड्यावर येतं. सड्याजवळ घर असेल तर या उघडिपीसारखी संधी नाही. मुंबईहून खास येणाऱ्याने मात्र हा जुगार खेळू नये.

सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरची अखेर हा खरा हंगाम. गवत उभं असतं, तेरडा-कवला-गेंद फुललेले असतात, खळग्यांत पाणी असतं आणि ऊन असतं. एकदाच जाता येणार असेल तर गौरी-गणपती ते दसरा यातला कुठलाही कोरडा दिवस धरा.

नोव्हेंबरनंतर गवत पिवळं पडतं, कापलं जातं आणि पुढे वणव्यात सडा काळा होतो. तेव्हा सडा सोडून खाली उतरा. व्हाळ, पऱ्या (म्हणजे ओढे-ओहोळ), पोफळीच्या बागा, जिथे सावली आणि ओल आहे तिकडे सगळे सरकलेले असतात.

दिवसाची वेळ वेगळी पाहावी लागते, कारण फुलपाखरांची घटका आणि चतुरांची घटका एक नाही:

- सूर्योदयापासून साडेआठपर्यंत: दोन्ही गारठलेले, दवाने भिजलेले. जवळ जाऊ देतात. शोधणं मात्र अवघड.
- साडेआठ ते अकरा: फुलपाखरं पंख पसरून ऊन खातात, मग फुलांवर येतात.
- दहा ते एक: चतुर पाण्यावर. हद्दीची भांडणं, मीलन, अंडी घालणं, सगळं याच वेळात.
- साडेचार ते सूर्यास्त: काडीला, कुंपणाला लटकून झोपायची तयारी. दिवसभर न बसलेला ग्लायडर आता कोरड्या फांदीला उभा लटकलेला सापडतो.

अकराच्या पुढे समुद्राकडचा खारा वारा सुटला की गवताच्या काडीवरच्या कशाचाही स्पष्ट फोटो मिळणं कठीण. तेव्हा गवत सोडून पाण्याकडे वळा.

तपासा: आदल्या रात्री पाऊस होता का? असेल तर सकाळी ऊन पडताच दगडावर, गडग्यावर (म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणावर) पंख वाळवणारे जास्त सापडतील. सलग चार कोरडे दिवस गेले असतील तर आधी ओल्या मातीच्या जागा बघा.

२. आदल्या दिवशीची तयारी

विचारून ठेवा. सडा मोकळा दिसतो म्हणून बेवारशी नसतो. सातबाऱ्यावर कुणाचं ना कुणाचं नाव असतंच, बऱ्याचदा वीस जणांचं सामाईक. जवळच्या वाडीत सांगून ठेवा. परवानगी तर मिळतेच, शिवाय पाणी कुठे उरलंय, गुरं कुठे सोडतात, कुठल्या बाजूला जायचं नाही, हे सगळं कळतं. एवढी माहिती कुठल्याही नकाशात मिळत नाही.

पायात काय. ओल्या कातळावर शेवाळ असतं आणि ते तेल सांडल्यासारखं बुळबुळीत असतं. गुळगुळीत झालेल्या तळाचे महागडे बूट इथे उपयोगाचे नाहीत. खोल खाचा असलेले, घोट्याच्या वर येणारे बूट घाला. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात किंवा भाताच्या खाचरात उतरू नका. कोकणात लेप्टोचा धोका खरा आहे.

कपडे मळखाऊ, लांब बाह्यांचे. रंगापेक्षा सळसळ महत्त्वाची. वाऱ्यावर फडफडणारा रेनकोट लांबूनच सगळ्यांना उडवून लावतो.

कॅमेरा. तीन पर्याय आहेत.

मोबाइल असेल तर दोन किंवा तीन पट झूमची खरी भिंग असलेला चांगला. बोटांनी चिमटा ताणून केलेला झूम म्हणजे फोटो कापून मोठा करणंच, ते घरी करता येतं.

साधा लांब झूम, म्हणजे ५५-२५० किंवा ७०-३०० मिलिमीटर, असेल तर सड्यावर तोच सगळ्यात कामाचा. चतुरांसाठी तर मी मॅक्रोपेक्षा, म्हणजे अगदी जवळून फोटो घ्यायच्या भिंगापेक्षा, यालाच पसंती देतो, कारण पाण्याच्या काठावरून दीड-दोन मीटर अंतर राखता येतं.

९० किंवा १०० मिलिमीटर मॅक्रो असेल तर सकाळच्या थंड वेळेसाठी ठेवा. दुपारी त्या भिंगाने चतुराच्या मागे लागलात तर पाण्यात पडाल. मी पडलो आहे. खिशातल्या मोबाइलसकट.

दुर्बीण घेत असाल तर ती किती जवळचं दाखवते ते आधी विचारा. पक्षी बघायच्या बऱ्याच दुर्बिणी तीन मीटरच्या आतलं धूसर दाखवतात. दोन मीटर किंवा त्याहून जवळचं स्पष्ट दिसलं पाहिजे. पेंटॅक्सची पॅपिलिओ अर्ध्या मीटरवरचंही दाखवते. नावातच फुलपाखरू आहे.

बॅगेत आणखी: बसायला प्लास्टिकचा जाड तुकडा, सुती फडकी दोन, घट्ट झाकणाची पिशवी, सिलिका जेल, हातभर लांब काठी, पाणी. वही-पेन्सिल, कारण ओल्या बोटांना मोबाइलचा पडदा दाद देत नाही आणि पेन भिजल्या कागदावर चालत नाही.

सावध: वातानुकूलित खोलीतून किंवा गाडीतून काढलेला कॅमेरा बाहेर येताच धुकटतो, आतल्या भिंगावरसुद्धा. निघण्यापूर्वी बॅगेतच ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या. धुकं दिसलं म्हणून भिंग काढून पुसू नका, ओल आत जाते.

३. जागा निवडणं

सड्यावर पोचल्यावर फुलपाखरू शोधायचं नाही. त्यांना लागणाऱ्या गोष्टी शोधायच्या.

पाणी. खळगा, कोंड, गुरांचं तळं, वाहती बारीक धार. काठावर उभ्या काड्या आहेत का ते बघा. चतुराला बसायला काडी हवी. नुसत्या उघड्या सपाट पाण्यावर तो घिरट्या घालेल, बसणार नाही.

गडगा आणि विहिरीचा कठडा. जांभ्याच्या दगडावर ग्रॅनाइट घोस्ट बसतो, करडा-काळा, दगडावरच्या बुरशीसारखा. उडाल्यावरच कळतं की इथे तो होता. उडाला तरी निघून जाऊ नका, थोड्या वेळाने बहुधा त्याच भिंतीवर परततो.

खाद्यवनस्पती. फुलपाखराची मादी अंडी घालायला ठरलेल्या झाडांवरच येते, त्यामुळे झाड ओळखता आलं की निम्मं काम झालं. रुईवर प्लेन टायगर. टाकळ्यावर ग्रास यलो, म्हणजे आपण भाजी खुडतो तीच झुडपं. कढीपत्ता आणि लिंबावर कॉमन मॉरमॉन. घोळीवर डॅनेड एगफ्लाय. ओलसर जागी काटेरी कोळसुंदा असेल तर तिथे लेमन आणि पीकॉक पॅन्सी. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू नीलवंत लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं, म्हणून ते उघड्या सड्यापेक्षा परसात आणि बागेच्या कडेला अधिक दिसतं. ते सड्यावर शोधत फिरणारे कितीतरी पाहिले आहेत.

फुलं. एकदांडीला कमी लेखू नका. पायाखाली तुडवलं जाणारं ते क्षुल्लक फूल लहान फुलपाखरांची खानावळ आहे. पावसाळा सरताना खुळखुळ्याची वाळकी झुडपं दिसली तर थांबाच. टायगर आणि क्रो जातीचे नर तिथे झुंडीने चिकटतात, फुलांसाठी नाही, तर वाळल्या पाल्यातली कडवट द्रव्यं शोषायला. त्यांना त्या वेळी माणसाची शुद्ध नसते.

ओली माती. वाटेवरचा चिखल, गुरांच्या मुताने भिजलेली जागा. क्षार शोषायला नर फुलपाखरं इथे घोळक्याने बसतात. दृश्य फार शोभिवंत नाही, फोटो मात्र उत्तम मिळतात.

यातल्या निदान दोन गोष्टी वीस पावलांच्या आत असतील ती जागा तुमची.

सावध, आणि हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका:

चिरेखाणीत, म्हणजे जांभ्याचे चिरे कापून काढलेल्या खाणीत, साचलेलं पाणी निळंशार असतं आणि त्यावर चतुरही भरपूर असतात. तिच्या भिंती सरळ कापलेल्या असतात. उतार नाही, धरायला काही नाही, आत पडलेल्याला वर येता येत नाही. काठापासून चार हात लांब राहून लांब भिंगाने जे मिळेल तेवढंच घ्या.

फुरसं कातळावरच्या दगडांखाली आणि गवताच्या बुडाशी असतं. बसण्याआधी, आडवं होण्याआधी काठीने जागा आपटून घ्या. दगड उलटू नका. करवतीसारखी खरखर ऐकू आली तर आल्या वाटेने मागे सरा. चावलं तर कापणं, चोखणं, बांधणं काही नाही, थेट प्रतिविष असलेलं सरकारी रुग्णालय. ते कुठलं, हे वाडीतून निघतानाच विचारून ठेवलेलं असावं.

परतीच्या पावसात दुपारनंतर ढग गडगडू लागले की सडा सोडा. त्या उघड्या पठारावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता.

सड्यावर माती जेमतेम बोटभर जाडीची असते. तिच्यात उगवलेलं सगळं एका पावलाने दबतं, म्हणून उघड्या कातळावरून चाला. आणि कातळावर कोरलेल्या रेषा दिसल्या तर त्यांवर ना पाय, ना ट्रायपॉड. शेवाळ खरवडून रेषा "स्पष्ट" करायच्या फंदात तर पडूच नका. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, पण बऱ्याच ठिकाणी त्यांच्याभोवती कुंपणसुद्धा नाही.

४. वीस मिनिटं नुसतं बसणं

सगळे गाळतात तो टप्पा हा. कॅमेरा बॅगेत ठेवा, बॅगेची चेन लावा आणि बसा.

पहिली पाच मिनिटं काहीच दिसत नाही, कारण तुम्ही आलात म्हणून सगळे उडालेले असतात. मग एक-एक परततो. आता चार गोष्टी बघा.

कुठली काडी? चतुराचा नर एक हद्द धरतो आणि उडून पुन्हा त्याच काडीवर येतो. तीन वेळा परतला की काडी ठरली. यापुढे त्याच्यामागे जायचं नाही, काडीची वाट बघायची.

कुठून कुठे? फुलपाखरांचे फेरे ठरलेले असतात, बांधावरून वर, झुडपाला वळसा, परत खाली. वळणाच्या जागी ती हळू होतात.

पंख कधी मिटतात, कधी उघडतात? ढग आला की ऊन खाणारी पॅन्सी पंख मिटते, ऊन आलं की उघडते. म्हणजे दोन्ही बाजूंचे फोटो घेण्याची वेळ तुम्हाला आकाशच सांगणार.

काही विशेष चाललंय का? भर दुपारी चतुर शेपटी सरळ सूर्याकडे उभारून बसतो, अंगावर ऊन कमी पडावं म्हणून. काडीवर फिकट, ओलसर चकाकणाऱ्या पंखांचा चतुर आणि शेजारी रिकामी कात दिसली तर तो नुकताच बाहेर पडलेला आहे. त्याला हात लावू नका, काडी हलवू नका. तो तिथून पडला तर पंख वाकडेच वाळतात.

लहानपणी आपण चतुराच्या शेपटीला दोरा बांधून फिरवलेला आहे. ते पाप आता निदान बघण्याने फेडू या.

तपासा: वीस मिनिटांनंतर "अमुक काडीवर अमुक बसतो" असं एक तरी वाक्य तुम्हाला बोलता येतं का? नसेल तर जागा बदला. सेटिंग बदलून काही होणार नाही.

५. कॅमेरा हातात घेण्याआधीची सेटिंग

आता कॅमेरा काढा, पण रोखू आधी नका. समोरच्या एखाद्या गवताच्या तुऱ्यावर सगळं जमवून घ्या.

बसलेल्यासाठी: छिद्र (अपर्चर) एफ ८, शटर १/५०० किंवा जलद, आयएसओ ऑटो, वरची मर्यादा १६०० ते ३२००. फोटोत थोडे दाणे आले तर चालतील, हललेलं चित्र घरी नीट होत नाही.

उडणाऱ्यासाठी: शटर १/२०००, सलग फोकस, सलग फोटो. चतुर एका जागी हवेत तरंगतो तेव्हाच प्रयत्न करा. फुलपाखराच्या उडत्या फोटोपायी सकाळ घालवू नका.

फोकसचा बिंदू एकच ठेवा आणि तो डोळ्यावर. सगळे बिंदू चालू ठेवले की कॅमेरा मागचं गवत पकडतो. सुरुवातीला ज्या लख्ख गवताच्या फोटोंबद्दल बोललो, ते असेच येतात.

पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरावर कडक ऊन असेल तर प्रकाश दोन-तृतीयांश पायरी (स्टॉप) कमी करा, नाहीतर पंखावरच्या नक्षीच्या जागी चुना फासल्यासारखं दिसतं. काळ्या कॉमन क्रोला उलट थोडा प्रकाश वाढवावा लागतो.

मोबाइलवर: आधी भिंग फडक्याने पुसा, घामट बोटाचा ठसा असतोच. पडद्यावर बोट दाबून ठेवून फोकस आणि प्रकाश बांधून टाका. आवाजाच्या बटणाने फोटो घ्या.

पाण्यावरची चकाकी त्रास देत असेल तर पोलरायझर लावता येतो, पण तो दीड-दोन पायऱ्या प्रकाश खातो. ढगाळ दिवशी काढून ठेवा.

६. जवळ जाणं

फुलपाखराला तुमचा आकार फारसा कळत नसेल, हालचाल मात्र लगेच कळते. त्याहून लवकर कळते ती सावली. सूर्य कुठे आहे ते बघून अशा बाजूने निघा की तुमची सावली त्याच्यावर कधीच पडणार नाही.

उभे असाल तर लांबूनच खाली बसा. जवळ पोचून बसणं ही चूक, तोवर ते उडालेलं असतं. पाच-सहा मीटरवर गुडघ्यावर या आणि सरळ त्याच्या दिशेने सरका. आडवं चालू नका. दोन पावलं, थांबा, एक फोटो. पुन्हा दोन पावलं, थांबा, एक फोटो. लांबचा पहिला फोटो कितीही फालतू असला तरी घ्याच. तो उडाला तर हातात तेवढंच असतं.

कॅमेरा एकदा डोळ्याला लावला की खाली आणायचा नाही. वरखाली होणारा काळा डबा हीच सगळ्यात मोठी हालचाल असते.

चतुर उडाला तर गोठून उभे राहा. काडीवर आधीच फोकस बांधून ठेवा आणि थांबा. तो परत येतो, आणि दुसऱ्यांदा आल्यावर तुम्हाला दगड समजतो. फुलपाखरू उडालं तर ते बहुधा परतत नाही, तेव्हा त्याच्या फेऱ्याच्या वळणावर जाऊन बसा.

ग्रास ज्युवेल हे भारतातल्या सगळ्यात लहान फुलपाखरांपैकी एक. करंगळीच्या नखाएवढं, जमिनीलगत उडणारं. त्यासाठी पोटावर आडवं व्हावं लागतं. असाच एकदा अर्धा तास आडवा होतो, तर गुरं घेऊन आलेले आजोबा डोक्याशी येऊन उभे. "काय हरावलां काय रे, झिला?" मी दाखवलं. त्यांनी वाकून बघितलं, "ह्या होय!" म्हणाले आणि गुरं दुसऱ्या बाजूने नेली. आडवं होण्याआधी काठीने जागा आपटली होती, हे वेगळं सांगायला नको.

सावध: पंख ओले करणं, जाळीने पकडून फुलावर ठेवणं, डबीत घालून थंड करणं, हे प्रकार देखण्या फोटोंमागे चालतात. करू नका. बऱ्याच फुलपाखरांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि असा फोटो जाणकाराला ओळखूही येतो. पाय विचित्र पडलेले असतात.

७. आधी नोंदीचे फोटो

नाव हवं असेल तर देखणेपणा बाजूला ठेवून ठरावीक बाजू मिळवायच्या.

फुलपाखराची पंख मिटलेली खालची बाजू आधी, उघडी वरची बाजू नंतर. ब्लू कुळातली चिमुकली फुलपाखरं वरून जवळजवळ सारखीच दिसतात. खरी ओळख खालच्या ठिपक्यांत असते. कॉमन जेझबेलला मराठीत हळदीकुंकू म्हणतात तेही मिटल्या पंखांवरच्या पिवळ्या-लाल रंगांवरून.

अंग फोटोत आलंच पाहिजे. कॉमन मॉरमॉनच्या काही माद्या कॉमन रोज आणि क्रिमझन रोज या विषारी फुलपाखरांची नक्कल करतात. पंख पाहून गफलत होते, पण रोजचं अंग लाल असतं आणि मॉरमॉनचं काळं. नुसत्या पंखांचा फोटो असेल तर बोलणंच खुंटतं.

तसाच घोटाळा प्लेन टायगर आणि डॅनेड एगफ्लायच्या मादीचा. दोन्ही केशरी, टोकं काळी-पांढरी. मागच्या पंखाच्या मधोमध काळे ठिपके गटाने असतील तर टायगर. वरच्या कडेजवळ एकच ठिपका असेल तर एगफ्लाय.

आणि दोन ऋतूंतले फोटो शेजारी ठेवून लगेच दोन जाती मानू नका. पॅन्सी आणि ईव्हनिंग ब्राउन यांची पावसाळी पिढी ठळक डोळ्यांची असते, कोरड्या ऋतूतली पिढी सुक्या पानासारखी.

चतुरांचं गणित वेगळं. आधी चतुर की टाचणी (चतुराचा बारीक अंगाचा भाऊबंद) ते ठरवा. चतुर पंख पसरून बसतो, बहुतेक टाचण्या पंख अंगालगत मिटून बसतात आणि त्यांचे दोन डोळे एकमेकांपासून लांब असतात. मग हे फोटो घ्या:

- छातीची बाजू, सगळे पट्टे दिसतील अशी
- वरून पूर्ण, पंख आणि त्यांच्या टोकांजवळचे रंगीत ठिपके
- शेपटीचं टोक, तिथले बारीक चिमटे स्पष्ट
- जमलं तर तोंड

यातला तिसरा सगळे विसरतात, आणि नराची ओळख अनेकदा त्यावरच ठरते. सिंधुदुर्गातून सेरियाग्रियॉन क्रोमोथोरॅक्स ही टाचणी शास्त्राला नव्याने कळली, ती काही दुर्गम जंगलातल्या राक्षसासारखी नव्हे, गवतातल्या इतर टाचण्यांसारखीच दिसणारी. तुमच्या खळग्यावरची "नेहमीची" टाचणी नेहमीचीच आहे हे ठरवायलाही ते टोक लागतं.

रंगावर विसंबू नका. ग्राउंड स्किमरचा जाणता नर निळसर, पण मादी आणि कोवळा नर पिवळे-काळे. स्कार्लेट स्किमरचा नर लालभडक, मादी पिवळट. एकाच तळ्यावर हे सगळे असतात आणि नवखा माणूस चार जाती मोजून येतो.

तपासा: जागा सोडण्याआधी पडद्यावर फोटो मोठा करून बघा. डोळा स्पष्ट आहे? शेपटीचं टोक आहे? नसेल तर अजून तिथेच आहात, पुन्हा घ्या.

८. मग देखणा फोटो

इथे फार सांगण्यासारखं नाही. त्याच्या डोळ्याच्या उंचीला या. मिटलेले पंख आणि कॅमेऱ्याची पाठ समांतर ठेवा, कारण जवळून घेताना काही मिलिमीटरच स्पष्ट येतात आणि कॅमेरा तिरका झाला की निम्मा पंख पुसट होतो. मागे काय येतंय ते बघा, एक वीत डावीकडे सरकलं की मागची उजळ काडी जाते. समोरचं गवत तोडू नका, बोटाने हळूच वाकवा आणि नंतर सोडून द्या. वाऱ्याची झुळूक थांबेपर्यंत श्वास रोखू नका, हळू सोडत सोडत बटण दाबा.

९. घरी आल्यावर

कॅमेरा बॅगेत बंद करून झोपू नका. कोकणच्या पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरायला फार दिवस लागत नाहीत. समुद्राजवळच्या सड्यावरून आला असाल तर गोड्या पाण्याने किंचित ओलसर केलेल्या फडक्याने कॅमेऱ्याचं अंग टिपा, मग कोरड्याने. मीठ कोरडं घासलं तर ओरखडे पडतात. मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. तांदळाच्या डब्यात नको, भुकटी आत जाते.

फोटो त्याच दिवशी चाळा. प्रत्येक जातीचे तीन-चार ठेवा, त्यात शेपटीच्या टोकाचा कुरूप फोटो असला तरी तो ठेवाच. वहीतली नोंद जोडा: तारीख, वेळ, गाव आणि वाडी, जागा पाण्याजवळची की गवतातली, कशावर बसलं होतं, काय करत होतं. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे ना तेही बघा. माझ्या एका अख्ख्या हंगामाचे फोटो रात्री अडीचचे म्हणून नोंदले गेले आहेत.

नावासाठी आय-नॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर सगळ्या बाजूंचे फोटो एकाच नोंदीत टाका, वेगवेगळ्या नाही. संगणकाने सुचवलेलं पहिलं नाव डोळे झाकून स्वीकारू नका. ते जवळपास कुळापर्यंत पोचवतं, पुढची तुलना बटरफ्लाइज ऑफ इंडिया आणि ओडोनाटा ऑफ इंडिया या संकेतस्थळांवरच्या फोटोंशी स्वतः करा. जातीची खात्री नसेल तर कुळाचं नाव लिहून थांबा.

पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच खळग्यावर जा. तीच काडी शोधा. ती नसेल तर शेजारची.